गाविलगडावरची मोठी मशीद, नरनाळा, मुक्तागिरी, गिरड… नववीच्या मुलांना काय दाखवावं?

सापनकाठ

नमस्कार मंडळी. मी परतवाड्याजवळच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. आमची सहल चिखलदऱ्याला जाते आणि ठरलेल्या वाटेनं फिरून येते: देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगडाच्या दरवाजासमोर फोटो, गरम कणीस आणि संध्याकाळी घर. गडाच्या आत, अगदी उंचावर मोठी मशीद उभी आहे. तिच्यापर्यंत मुलं पोचतच नाहीत, कारण वेळ संपलेला असतो आणि चालायला कोणी तयार नसतं.

मला हे फार लागतं. दर्शनी बाजूला सात कमानी, आत तीन ओळी, असे मिळून एकवीस घुमट होते त्या इमारतीला. मागची ओळ कोसळली आहे, तरी समोर उभं राहिलं की छाती दडपते. आपल्या जिल्ह्यात एवढं मोठं बांधकाम आहे आणि आपली मुलं ते न पाहता दहावी होतात. ताजमहालाची लांबी-रुंदी पाठ असते, घरापासून तासा-दीड तासावरचं काही माहीत नसतं.

यंदा मला सहल बदलायची आहे. सातपुड्यातल्या आणि आपल्या इतर डोंगरांतल्या जुन्या मशिदी, दर्गे, देवळं, लेणी यांतलं काय दाखवावं, काय सांगावं, कुठे जपावं? ज्यांनी पाहिलं आहे त्यांनी मोकळेपणी लिहा.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, लय चांगला धागा काढला. मी चिखलदऱ्याले लहानपणापासून जाऊन रायलो, पण मशिदीपर्यंत कॉलेजात असतानाच गेलो. तेही एका मित्रानं ओढत नेलं म्हणून. गवत छातीएवढं होतं. वर पोचलो अन् बोलतीच बंद झाली सगळ्याइची. पोराइले न्याच.

विदर्भ_वारसा

थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी होईल.

गाविलगड आणि नरनाळा ही वऱ्हाडाची दोन डोंगरी कुलपं. जुना फारसी इतिहासकार फिरिश्ता यानं लिहिलं आहे की बहमनी सुलतान अहमदशाह वली अचलपुरास मुक्कामाला असताना, १४२५ च्या सुमारास, त्यानं गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली. दोन्ही जागा त्याच्याही आधीपासून वापरात असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. पुढे फतहुल्ला इमाद-उल-मुल्क वऱ्हाडाचा सुभेदार झाला. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर त्याचा १४८७ चा लेख आहे, गाविलगडावरचं त्याचं काम १४८८ चं. १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला आणि अचलपूरची इमादशाही सुरू झाली. ती १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेलं. अकबराच्या काळात गाविल आणि नरनाळा अशी दोन स्वतंत्र सरकारं होती, म्हणजे महसुली जिल्हेच म्हणा.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातल्या ब्राह्मण घरातला, लहानपणी लढाईत कैद होऊन बहमनी राज्यात आला, असं फिरिश्ता सांगतो. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर दोन डोक्यांचा पक्षी चोचींत आणि पंजांत हत्ती धरून कोरलेला आहे. तो गंडभेरुंड. विजयनगरच्या नाण्यांवर हाच पक्षी दिसतो.

कोरडवाहू

सगळं ठीक. पण शाळेच्या सहलीत मशीद कशासाठी? पालक विचारतील तेव्हा उत्तर कोण देणार? गाविलगडावर सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. १८०३ मध्ये इंग्रजांशी लढताना नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थी पडला, ते सांगा की. आपल्या माणसाचं शौर्य सोडून पडक्या घुमटांचं कौतुक मला पटत नाही.

सापनकाठ

@कोरडवाहू, प्रश्न रास्त आहे, म्हणून सरळ उत्तर देते. बेनीसिंग सांगणारच आहे. अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली, त्यानंतर इंग्रज सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन गाविलगडाकडे वळले. उत्तरेकडून डोंगर ओलांडून तोफा ओढत आणल्या, तटाला खिंडार पाडलं आणि १५ डिसेंबरला गड पडला. आतला तट शिड्या लावून ओलांडला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. हे सगळं मी वर्गात शिकवते.

पण बेनीसिंग ज्या गडावर लढला त्याच गडाच्या माथ्यावर ती मशीद तेव्हाही उभी होती. भोसल्यांनी ती पाडली नाही. तिच्याकडे पाठ करून मी त्या माणसाचं शौर्य कसं सांगू? गड सांगायचा तर अख्खा सांगावा लागेल.

अचलपूरवाली

सापनकाठताई, वाचून फार बरं वाटलं.

आमचं घर अचलपुरात, पिढ्यान् पिढ्या. दुल्हा रहमान शाह बाबांच्या दर्ग्याजवळ माझं लहानपण गेलं. गजनीच्या घराण्यातला एक तरुण बोहल्यावरून उठून इकडे आला आणि ईल राजाशी लढताना शहीद झाला, अशी कथा आम्हाला आजी सांगायची. इतिहासवाल्यांना ती पटत नाही, मला माहीत आहे. पण दर्ग्यावर आजही निम्मी माणसं हिंदू असतात. लेकराचं जावळ काढायला येतात, नवस फेडायला येतात. आणि आमच्या घरचे बहिरमच्या जत्रेला जातात. हे आम्हाला कधी कोणी शिकवलं नाही. असंच चालत आलं.

मशीद दाखवताना मुलांना इतकं सांगा: आत नमाज होत नसली तरी ती इबादतीसाठी बांधलेली जागा आहे. मेहराबीकडे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या भिंतीतल्या कोनाड्याकडे, पाय करून बसू नका, भिंतीवर नावं कोरू नका. मंदिरात वागतो तसं वागलं की झालं. मागे गेले तेव्हा मेहराबीच्या अगदी शेजारी कुणीतरी खडूनं बदाम काढून नावं लिहिलेली होती. ओढणीच्या टोकानं पुसत बसले मी. निम्मी निघाली, निम्मी नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बहिरमचं नाव काढलं म्हणजे आता हांडीचा विषय निघणारच. हांडीतलं मटण अन् रोडगे, थंडीचे दिवस, पौषाची जत्रा. बावा बावा!

मेळघाटवासी

@वऱ्हाडी_ठेचा, तुझी गाडी शेवटी पोटावरच येते. पण बहिरमचंही सांगायला हवं. डोंगराच्या पायथ्याशी टेकडीवर बहिरमबुवाचं ठाणं, लोणी-शेंदराचे थरावर थर चढलेली मोठी मूर्ती. पूर्वी देवापुढे बोकड कापत. गाडगेबाबांनी त्याविरुद्ध कीर्तनं केली, लोकांना समजावलं आणि देवासमोरचा बळी बंद झाला. लोक आता राहुट्यांमध्ये स्वयंपाक करतात. शाळेच्या मुलांसाठी हे गडाइतकंच महत्त्वाचं आहे, कारण इथे बदल आपल्याच भाषेत बोलणाऱ्या माणसानं घडवला.

आणखी एक. मेळघाट म्हटलं की सगळे किल्ल्यांबद्दल आणि वाघांबद्दल बोलतात. इथे कोरकू आदिवासी पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यांची देवठाणी गावागावांत आहेत. झाडाखाली मांडलेले दगड आणि मुठवा देव. घुमट नाही, कळस नाही. सहलीच्या वाटेवर एखादं गाव लागलं तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, त्यांच्या परवानगीनं मुलांना दाखवा. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. वारसा म्हणजे फक्त दगडी बांधकाम असं मुलांच्या डोक्यात बसायला नको.

सापनकाठ

@मेळघाटवासी, हे माझ्या यादीत नव्हतंच. आमच्या वर्गात कोरकू मुलं आहेत. त्यांच्याच घरच्यांना विचारते, ते नेतील तसं जाऊ.

अकोटची_वाट

माझा कौल नरनाळ्याला. मी अकोटचा, म्हणून पक्षपात आहेच, पण ऐका.

गाविलगडाची मशीद भव्य आहे. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा नाजूक आहे. फिकट वालुकाश्म, त्यावर कमळं, कोरीव अक्षरांच्या पट्ट्या, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आणि त्यांच्या दगडी जाळ्या. एका जाळीची नक्षी दुसऱ्या जाळीला सहसा जुळत नाही. आमच्या शाळेतल्या मास्तरांनी आम्हाला प्रत्येकी एक जाळी वाटून दिली होती आणि ती वहीत उतरवायला सांगितली होती. अर्धा तास चिडीचूप. ती वही माझ्याकडे अजून आहे. षटकोन कुठे संपतो आणि तारा कुठे सुरू होतो हे डोळ्यांनी कळत नाही, हातानं काढायला लागलं की कळतं. तुमच्या मुलांनाही हेच करायला लावा. फोटो काढून पोरं विसरतात.

वर मशीद आहे, राणी महाल आहे, नऊगजी तोफ आहे, तळी आहेत. शक्कर तलाव सगळ्यात मोठा. त्याच्याजवळ बुऱ्हाणुद्दीन बाबांची मजार आहे, त्यांना लोक बागसवार वली म्हणतात. पांढऱ्या वाघावर बसून फिरायचे अशी आख्यायिका. व्याघ्र प्रकल्पाच्या गडावर असले बाबा असणं मला तरी फार शोभून दिसतं.

पिसाळलेलं कुत्रं चावलं की लोक इथे यायचे, तलावात आंघोळ करायचे, मजारीवर गूळ-फुटाणे ठेवायचे आणि मागे वळून न पाहता गड उतरायचे. माझ्या आजोबांच्या पिढीनं हे केलेलं आहे.

वॉर्ड_नंबर_चार

@अकोटची_वाट, मी परिचारिका आहे, खेड्यातल्या दवाखान्यात काम करते, म्हणून इथे थांबून लिहिते. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मजारीवर जा, गूळ-फुटाणे ठेवा. पण कुत्रं चावलं की आधी जखम साबणानं आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. सगळे डोस पूर्ण करा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीसोबत आणखी एक इंजेक्शन लागतं, डॉक्टर सांगतील. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग हातात काही उरत नाही. हळद, मिरची, चुना जखमेवर लावून आलेली माणसं मी पाहिली आहेत. मुलांना ही आख्यायिका सांगाल तेव्हा हेही त्याच दमात सांगा. विनंती आहे.

सापनकाठ

@वॉर्ड_नंबर_चार, नक्की. विज्ञानाच्या मॅडमना सोबत घेते, तलावाच्या काठावरच हा तास होऊ दे.

कोरडवाहू

माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालं, निम्मं पटलं. पण मग तुमच्या यादीत मुक्तागिरी का नाही? परतवाड्याहून इतकी जवळ. सगळ्यांचं दाखवायचं तर सगळ्यांचं दाखवा. आणि पालकांना आधी पत्र द्या, काय काय दाखवणार ते स्पष्ट लिहून. नंतर कुजबूज नको.

सापनकाठ

@कोरडवाहू, पत्राची सूचना चांगली आहे, देते. मुक्तागिरी यादीत हवीच, तुम्ही तिथलं सांगा ना.

कोरडवाहू

सांगतो. मी जैन नाही, पण आमच्या गावचे लोक पिढ्यान् पिढ्या जातात. जागा सरकारी हिशेबात मध्य प्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात, पण वाट आपल्याकडून. डोंगराच्या कपारीत आणि उतारावर बावन्न देवळं. मधून धबधबा पडतो, पावसाळ्यानंतर चांगला मोठा असतो. मुख्य देऊळ पार्श्वनाथांचं. साडेतीन कोटी मुनी इथून मोक्षाला गेले अशी श्रद्धा, म्हणून सिद्धक्षेत्र. ध्यानाला बसलेल्या मुनींसमोर वरून एक मेंढा कोसळला, त्यांनी त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो देवगतीला गेला, अशी कथा आहे. म्हणून मेंढागिरी हेही नाव. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण मुलांना काही वाटत नाही, मास्तरांना वाटतं. चामड्याचा पट्टा, पाकीट खाली ठेवायला सांगा.

तिथली मला आवडणारी गोष्ट म्हणजे स्वच्छता. एक कागद दिसत नाही. गाविलगडावर जाऊन आलो की हाच फरक डोळ्यांत सलतो.

अचलपूरवाली

@कोरडवाहू, हा शेवटचा मुद्दा अगदी खरा. ज्या जागेला रोज येणारी माणसं आहेत ती जागा टिकते. मुक्तागिरीला रोज पूजा आहे, दुल्हा रहमान बाबांच्या दर्ग्यावर रोज झाडू लागतो. गडावरच्या मशिदीला कोणीच नाही. १८५८ मध्ये इंग्रजांनी गडाचे तट आणि बांधकामं मोडून टाकली, तात्या टोप्यांच्या हाती गड लागू नये म्हणून. तेव्हापासून गड ओसाडच पडला. सहलीची मुलं गेली तर निदान पाहणारे डोळे तरी मिळतील तिला.

पैनगंगेकाठचा

सगळे सातपुड्यातच अडकलात. अजिंठ्याच्या डोंगराखाली आमच्या बुलडाणा जिल्ह्यात रोहिणखेड आहे, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. १५८२ ची मशीद. खुदावंदखान महदवीनं बांधलेली. लहान आहे, पण प्रमाण इतकं नेमकं की लहान वाटत नाही. त्याच माणसाची १५८१ ची मशीद साखरखेर्ड्याला आहे. साखरखेर्डा म्हणजे १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं ते ठिकाण, त्या विजयानंतर त्याला फतेहखेर्डा म्हणू लागले. हैदराबादची निजामशाही त्या मैदानातून उभी राहिली.

रोहिणखेडला दोन लढाया झाल्या. १४३७ मध्ये बहमनी सरदार खलफ हसन बसरीनं खानदेशच्या नसीरखानाला तिथे हरवलं. १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशाह आणि खानदेशचा राजा अलीखान यांनी जमालखानाचा पराभव केला. हा जमालखान महदवी पंथाचा पुढारी, आणि मशीद बांधणारा खुदावंदखान त्याच्याच पक्षाचा. म्हणजे मशीद बांधून आठ वर्षं होतात न होतात तोच त्याच गावाबाहेर त्या पक्षाचा निकाल लागला. मी तिथे उभा राहतो तेव्हा हेच डोक्यात येतं. गाव आज शांत आहे, मशिदीसमोर सोयाबीन वाळत घालतात.

डोंगरातून खाली उतरायची वाट तिथे असल्यामुळेच हे सगळं झालं. वरच्या पठारावरून खालच्या सपाटीवर यायची एक वाट घाट उतरून इथेच येई. मुलांना नकाशा देऊन घाटवाटा काढायला लावा, मग लढाया आणि मशिदी का तिथेच आहेत हे त्यांचं त्यांनाच कळेल.

विदर्भ_वारसा

@पैनगंगेकाठचा, फार मोलाची भर. आणि बुलडाण्याचा विषय निघालाच आहे तर पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गाही. होळीच्या सुमारास यात्रा, नारळांची होळी पेटते. त्या गर्दीत शाळेची सहल न्यायची नसते, पण एरवी जाता येतं.

झिओलाइट

मी दगडांचा अभ्यासक, म्हणून गिरड सुचवतो. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा. आख्यायिका अशी: दोन व्यापारी माल घेऊन चालले होते. फकिरानं विचारलं, काय नेता? त्यांनी चेष्टा केली. बाबांनी मालाचे दगड केले. व्यापारी पाया पडले, तेव्हा बाबांनी सुक्या पाल्यापासून नवा माल करून दिला. टेकडीवर आजही सुपारी, जायफळ, नारळ यांच्या आकाराचे दगड सापडतात आणि भाविक ते दाखवतात.

भूशास्त्र काय सांगतं? आपला अख्खा डोंगर दख्खनच्या लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात. पुढे पाणी झिरपतं आणि त्या पोकळ्यांत झिओलाइट, गारगोटी अशी खनिजं जमतात. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला की आतल्या गोळ्या सुट्या पडतात. एखादी फुटलेली मिळाली तर आत पांढरे चकाकणारे स्फटिक मधल्या बिंदूपासून बाहेर पसरलेले दिसतात. जायफळ अर्धं कापल्यासारखं दिसतं ते. ज्यानं पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली त्यानं दगड नीट पाहिला होता, एवढं नक्की.

दगड उचलून घरी नेऊ देऊ नका, पाहून तिथेच ठेवायला सांगा.

खिरगव्हाण

पण ताईची सहल एका दिवसाची. गिरड कुठं, रोहिणखेड कुठं, नरनाळा कुठं! अख्खा विदर्भ हिंडवता का पोराइले?

सापनकाठ

@खिरगव्हाण, बरोबर. यंदा एकच दिवस आहे. गाविलगड पक्का. सकाळी लवकर निघून आधी मुक्तागिरी, मग चिखलदरा, असं जमेल का याचा विचार चालू आहे. नरनाळा पुढच्या वर्षी. दूरच्या जागांचे तक्ते मुलं वर्गात करतील.

मेळघाटवासी

दोन्ही एका दिवसात करू नका. मुलं गाडीत झोपतील आणि मशिदीपर्यंत पुन्हा कोणी चालणार नाही. गाविलगडाला दिवस द्या. दोन दरीकाठचे तट, मधली खिंड, दिल्ली दरवाजा, देवतलाव, मशीद, एवढं पाहायला चार-पाच तास सहज लागतात. नोव्हेंबर-डिसेंबर बरा. गवत वाळलेलं असतं, हवा स्वच्छ असते, मशिदीच्या बाजूनं खालचं वऱ्हाड दिसतं. गडावर प्यायचं पाणी धरून चालू नका, सोबत न्या. मुलांचे गट करा, मागे एक मोठा माणूस ठेवा. जंगल आहे, अस्वलं आहेत. दुपारनंतर झाडीत शिरायचं नाही.

तिरकी_कमान

एका मुद्द्यावर @विदर्भ_वारसा यांच्याशी माझा मतभेद आहे. गंडभेरुंड दिसला म्हणून तो फतहुल्लाच्या विजयनगरच्या आठवणीचा, असं मुलांना पक्कं सांगू नका. हा पक्षी दख्खनमध्ये पुष्कळ घराण्यांनी वापरला. हत्तीवर मात करणारा प्राणी हे सत्तेचं चिन्ह होतं, सिंहाची शिल्पंही तशीच. त्याच्या बालपणाची गोष्ट आणि दरवाजावरचं शिल्प या दोन्ही स्वतंत्रपणे सांगा आणि मुलांना विचारा, तुम्हाला काय वाटतं?

विदर्भ_वारसा

@तिरकी_कमान, माझं मत तेच आहे, मला तो संबंध दिसतो. पण मुलांसमोर प्रश्न म्हणून ठेवणं जास्त चांगलं, हे मान्य.

दर्यापूर_गवंडी

मी चुन्याचं काम करतो. वडील करायचे, आजोबा करायचे. जुन्या देवळाइची, वाड्याइची डागडुजी केली आहे. गाविलगडची मशीद मी कामाच्या नजरेनं पाह्यली, ते सांगतो.

घुमट पडतो तो आधी वरून भिजतो. वरचा चुन्याचा गिलावा फुटला की पाणी आत मुरते. पाणी चुना धुऊन नेते, दगडाइच्या सांधीत माती राहते. मंग पाखरं पिंपळाचं, वडाचं बी टाकतात. मूळ सांधीत घुसलं की दरसाल थोडं थोडं जाड होते अन् दगड ढकलते. शेजारचा घुमट शेजारच्याले टेकू देऊन उभा असतो. एक गेला की बाजूच्यावर भार येते. म्हणून मागची ओळ पडली तर समोरच्या ओळीची काळजी जास्त घ्यावी लागते.

लोक दोन चुका करतात. एक, झाड उपटतात. उपटलं की सांध्याचे दगड घेऊनच येते. झाड बुडाशी कापून मूळ आतल्या आत मारावं लागते, मंग सांध भरावी लागते. दुसरी, सिमेंट भरतात. सिमेंट कडक, दगडाले अन् चुन्याले श्वास घेऊ देत नाही. ओल आत कोंडते अन् दगडाचं तोंडच सोलून निघते. चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना, विटाची सुरखी, बेलफळाचं पाणी, गूळ, हेच लागते. वेळ लागते, पण ते काम टिकते.

वऱ्हाडी_ठेचा

काका, मंग आपण सगळे मिळून एक दिवस श्रमदान करून झाडं काढू ना. पन्नास पोरं मी आणतो.

तिरकी_कमान

@वऱ्हाडी_ठेचा, भावना फार चांगली आहे, पण असं परस्पर करता येत नाही. गाविलगड, नरनाळा, रोहिणखेडची मशीद हे केंद्र सरकारनं संरक्षित केलेले आहेत. १९५८ च्या कायद्यानं तिथे कुणीही परस्पर दुरुस्ती, खोदकाम करू शकत नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढचे दोनशे मीटर परवानगीनं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भिंतीवर नाव कोरणंही त्यातच येतं. गवत-कचरा साफ करायचा तर लेखी परवानगी घ्या, मग खुशाल पन्नास पोरं आणा. प्लास्टिक वेचून खाली आणायला मात्र कोणाला विचारावं लागत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बरं. मंग अर्ज मी लिहितो, ताई तुमच्या शाळेचा शिक्का द्या. अन् प्लास्टिक वेचायले पोरं तयारच आहेत.

सापनकाठ

@वऱ्हाडी_ठेचा, अर्ज पाठवा, मुख्याध्यापकांशी बोलते.

@दर्यापूर_गवंडी काका, तुमची पोस्ट छापून वर्गात लावणार आहे. एकच विचारते: मशिदीसमोर उभं राहून मुलांना नेमकं काय दाखवू, म्हणजे घुमट कसा उभा राहतो हे त्यांना दिसेल? मी इतिहासाची, बांधकाम मला शिकवता येत नाही.

दर्यापूर_गवंडी

ताई, पोराइले आधी समोर उभं करा अन् सात कमानी मोजायले लावा. मंग बाजूनं नेऊन खांबाच्या ओळी मोजू द्या. जिथं ओळ तुटली तिथं लांबूनच थांबा. तुटलेल्या कडेवर घुमट कापलेला दिसते, तेच सगळ्यात चांगलं शिकवणं आहे. दगड आडवे रचत रचत आत कसे सरकले, चार कोपऱ्याइतून गोल कसा काढला, मधात चुन्याचा थर केवढा जाड, सगळं उघडं आहे. धडधाकट घुमटात हे दिसत नाही.

मंग दोन पोरं समोरासमोर उभे करा, हाताले हात लावून एकमेकाइवर भार द्यायले सांगा. दोघं उभे राहतात. एकाले बाजूले व्हायले सांगा, दुसरा पुढं झुकते. घुमटाचा भार असाच बाहेरच्या अंगाले ढकलते, म्हणून बाजूच्या भिंती एवढ्या जाड ठेवल्या.

अन् पोराइले कमानीखाली जेवायले बसवू नका. सावली चांगली आहे, पण वरचा कोणता दगड सुटला आहे हे खालून समजत नाही. डबे देवतलावाच्या अंगाले झाडाखाली खा. तिथून समोरची बाजू वहीत काढता येते. दुपार कलली की पुढच्या बाजूवर ऊन राहत नाही, कारण मशिदीचं तोंड पूर्वेले असते. म्हणून चित्र काढायचं असलं तर सकाळीच वर पोचा.